नऊ तास बारा मिनिटं

खंडू पहाटे १ वाजून ५२ मिनिटांनी गेला. नाशिकला, ऑपरेशनच्या टेबलावर. त्याआधी नऊ तास बारा मिनिटं तो संगमनेरला आमच्या मागच्या अंगणात घमेल्यात तोंड घालून जेवत होता.

खालच्या वेळा आठवणीतून लिहिलेल्या नाहीत. फोनमधली कॉलची यादी, त्या दिवशीचे फोटो, टोलची पावती आणि एक्स-रेवर छापलेली वेळ यांवरून मी त्या जुळवल्या. जिथे अंदाज आहे तिथे 'सुमारे' लिहिलं आहे.

डिसेंबर २०१२

चंपाषष्ठीच्या सुमारास आम्ही त्याला लोणीजवळच्या एका वस्तीवरून आणलं, म्हणून नाव खंडू. जर्मन शेफर्ड, वय पंचेचाळीस दिवस. वस्तीवरचे काका म्हणाले, "बाप याच्यापेक्षा दांडगा होता. गेल्या महिन्यात पोट फुगून एका रात्रीत गेला." आम्ही लसीची तारीख विचारली, जंताचं औषध विचारलं, पैसे मोजले. बाप कसा गेला, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

जून २०१९

मुलगा शिकायला पुण्याला गेला. सकाळी मला शाळा, यांना दुकान. खंडूचं सकाळचं खाणं बंद झालं आणि दोन्ही वेळचं मिळून संध्याकाळी एकदाच मिळू लागलं. वजन ३८ किलो, वय साडेसहा वर्षं.

सप्टेंबर २०१९

खाली वाकून खाताना त्याची मान अवघडते असं वाटून यांनी त्याचं भांडं फूटभर उंच लाकडी स्टुलावर ठेवायला सुरुवात केली. प्रेमानेच केलं होतं.

२७ ऑक्टोबर २०१९, लक्ष्मीपूजन

फटाक्यांनी बिथरलेला असताना त्याने घाईघाईने खाल्लं. तासाभराने पोट टम्म फुगलं. तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला, दोनदा ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि रात्री अकराला झोपला. सकाळी ठीक होता. सासूबाई म्हणाल्या, "गॅस झाला असेल." डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं.

शनिवार, ७ डिसेंबर, रात्री सुमारे ९:००

दुसऱ्या दिवशी पुतणीचा साखरपुडा, घरीच. अंगणात आचाऱ्यांच्या चुली लागल्या होत्या. त्या गडबडीत खंडूला रात्री नुसतं दूध मिळालं.

रविवार, ८ डिसेंबर, सकाळी ६:३०

त्याला पेरूच्या झाडाला बांधलं. माणसं ऐंशी येणार होती. परकी माणसं आणि स्पीकरचा आवाज त्याला सोसत नसे. दुपारपर्यंत तो भुंकत होता, मग नुसता धापा टाकत बसला.

दुपारी १:१५

पहिली पंगत बसली. धाकट्या जाऊबाईंनी खंडूची आठवण काढली. मी म्हटलं, "पंगती उठू देत, मग निवांत देऊ." ते वाक्य माझं आहे.

४:४०

शेवटची पंगत उठली. उरलेला मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वरण एका घमेल्यात कालवून खंडूपुढे स्टुलावर ठेवलं. एरवी त्याला सातशे ग्रॅमच्या आसपास लागे. पुढच्या आठवड्यात मी तेच घमेलं तेवढंच भरून काट्यावर ठेवलं. पावणेतीन किलो भरलं.

भाच्याने त्याचा व्हिडिओ काढला आहे. घमेलं रिकामं व्हायला तीन मिनिटं दहा सेकंद लागली. तो चावत नव्हता, नुसता गिळत होता. अन्नाबरोबर हवाही.

४:५०

अर्धी बादली पाणी प्यायला.

५:०५

दिवसभर बांधलेला म्हणून मुलांनी साखळी सोडली. गच्चीवर चेंडू. वीसेक मिनिटं तो जिन्याने वर-खाली पळत होता. मोठ्या जातीच्या कुत्र्याला भरपेट जेवणानंतर तासभर तरी स्वस्थ पडू द्यावं, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

६:२०

जावईबापू निघायला उठले. घरातून कुणी निघालं की खंडू फाटकापर्यंत सोडायला जायचा. त्या दिवशी उठला नाही. भिंतीला लागून उभा होता, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत. मग चार पावलं टाकली, बसला, पुन्हा उठला.

नाशिकच्या डॉक्टरांनी नंतर मला विचारलं, पहिलं लक्षण केव्हा दिसलं. मी ही वेळ सांगितली. तेव्हा मात्र मला वाटलं होतं, दमलाय.

६:४५

पहिला उमाळा. पोट आत ओढून, मान लांब करून त्याने जोर लावला. घशातून खरखर आली. पडला तो मूठभर पांढरा फेस. अन्नाचा एक कणही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालंय. गवत खाऊ दे." त्याने गवताला तोंड लावलं नाही.

पावणेतीन किलो अन्न दोन तासांपूर्वी पोटात गेलं होतं. जनावर ओकायचा जीव तोडून प्रयत्न करत होतं आणि त्यातलं काहीच वर येत नव्हतं. आज हे लिहिताना हे वाक्य इतकं उघड दिसतं की ते तेव्हा का दिसलं नाही, याचं उत्तर मला देता येत नाही.

७:१०

तोंडातून लाळेची तार. पंधरा-वीस मिनिटांत चार उमाळे. प्रत्येक वेळी फेस.

७:३०

ओवा-हिंगाचं कोमट पाणी, दोन वाट्या. आमच्या घरात पोट दुखणाऱ्या प्रत्येकाला हेच मिळतं आणि बहुतेकांना बरंही वाटतं. त्यावर गॅसचं गुलाबी औषध, दहा मिली. निम्मं बाहेर सांडलं. पाचव्या मिनिटाला पाणीही फेसाबरोबर बाहेर आलं. ते जठरात पोचलंच नव्हतं.

सुमारे ७:५०

बरगड्यांच्या मागे पोट दोन्ही बाजूंनी वर आलं होतं. भाच्याने टिचकी मारली. "मामी, ढोलकीसारखं वाजतंय." मुलं हसली. त्यांना हसू नका असं म्हणण्याइतकीही भीती माझ्या मनात नव्हती.

या आजाराला पशुवैद्य 'जीडीव्ही' म्हणतात. जठर आधी हवेने फुगतं, मग स्वतःभोवती पीळ घेतं, पिशवीचं तोंड पिरगळावं तसं. वरची अन्ननलिका बंद होते, खालची आतड्याची वाटही बंद होते. आतला वायू वाढतच राहतो. फुगलेलं जठर पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं आणि मागच्या अंगाचं रक्त हृदयाकडे परतेनासं होतं. प्लीहा जठराला जोडलेली असते, ती त्याच्याबरोबर ओढली जाते. जठराच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरू लागते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या जातींत हे जास्त दिसतं. पीळ औषधाने सुटत नाही. चालवून सुटत नाही. पोट उघडूनच सोडवावा लागतो.

८:०५

गावातल्या डॉक्टरांना पहिला फोन. वाजत राहिला. ते एका वस्तीवर अडलेल्या गाईपाशी होते. आमच्या भागात दुधाचा धंदा मोठा, रविवारी रात्रीही ते बहुधा कुठल्यातरी गोठ्यात असतात.

८:१२

त्यांचा उलट फोन आला. माझा फोन दिवाणखान्यात चार्जिंगला होता आणि तिथे मुलींनी गाणी लावली होती. मिस्ड कॉल.

८:२०

हे त्याला साखळी लावून रस्त्यावर घेऊन गेले. "फिरवलं की वारा सरेल." तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि चौकात बसला. बाहेर थंडी होती, पण तो धापा टाकत होता. परत येताना यांनी त्याला निम्मी वाट उचलून आणलं.

८:४७

मिस्ड कॉल दिसला. पस्तीस मिनिटं गेली होती. फोन लावला. डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले.

"पोट फुगलंय?"

"हो."

"ओकायला बघतोय, पण पडत काही नाही?"

"नुसता फेस."

"ओठ वर करून हिरड्या बघा. रंग कसा आहे?"

मी टॉर्च लावली. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या खडूसारख्या दिसत होत्या. मी तसं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता होती.

"ताई, दवाखान्यात घेऊन या. मी गोठ्यावरून निघतोय. आत्ता."

संध्याकाळी सहा वीसपासून आमच्या डोळ्यांसमोर जे चाललं होतं, त्याला आम्ही दमणूक, पित्त, गॅस, वारा अशी चार नावं दिली होती. चारही घरगुती, आणि उद्या सकाळपर्यंत आपोआप बरी होणारी.

८:५५

गाडी दारात नव्हती. दीर पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायला गेले होते. शेजाऱ्यांची गाडी मागावी असं माझ्या मनात आलं. साखरपुड्याच्या रात्री, लाळ गाळणारा कुत्रा त्यांच्या गाडीत, म्हणून संकोच वाटला. दीरांना फोन केला. "दहा मिनिटांत येतो" म्हणाले. बस उशिरा आली.

९:२०

गाडी आली. पंचवीस मिनिटं.

९:३५

दवाखाना. डॉक्टरांच्या बुटांना शेण होतं, ते हात धुऊन थेट आले. स्टेथोस्कोप लावून घड्याळाकडे बघितलं. नाडी मिनिटाला १८०. हिरडी बोटाने दाबून सोडली. रंग परतायला तीन सेकंद लागले, एरवी दोनच्या आत परततो.

तोंडातून नळी घालून पाहिली. जठराच्या दाराशी अडली. दोनदा पाहिलं, दोनदा अडली. मग कुशीवरचे केस कापून, जिथे सर्वांत जास्त पोकळ वाजत होतं तिथे जाड सुई घातली. हवा फुसफुसत बाहेर आली, आंबूस वासाची. पोट थोडं उतरलं. खंडूने पहिल्यांदा डोळे मिटले. मला वाटलं, सुटला.

"हे तात्पुरतं आहे," डॉक्टर म्हणाले. "वायू निघाला, पीळ तसाच आहे. गाईचं पोट फुगलं तर मी इथेच मोकळं करतो. हे माझ्याकडे होणार नाही. भूल द्यायचं यंत्र लागेल, एक्स-रे लागेल, हाताखाली माणसं लागतील. नाशिक."

दोन्ही पुढच्या पायांना सुया लावून त्यांनी सलाइन जोरात सोडलं. नाशिकच्या सर्जनना त्यांनीच फोन केला. आमच्याकडे असा एकही नंबर नव्हता. सात वर्षांत तो कधी लिहून ठेवला नव्हता.

१०:०५

निघालो. गाडी यांनी चालवली. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर त्याचं डोकं, हातात सलाइनची बाटली उंच धरलेली. संगमनेर ते नाशिक सुमारे सत्तर किलोमीटर.

१०:४०

नांदूर शिंगोटे. पोट पुन्हा वर येऊ लागलं.

११:०२

सिन्नर. मोहदरी घाटात ट्रकांची रांग. मी त्याच्या हिरड्या पाहिल्या. आता त्या करड्या दिसत होत्या.

११:२१

शिंदे-पळशाच्या टोलनाक्याची पावती. सुट्ट्या पैशांसाठी थांबावं लागलं.

११:४०

नाशिक. सर्जन आणि दोघे मदतनीस दारात स्ट्रेचर घेऊन उभे होते.

११:४८

एक्स-रे, उजव्या कुशीवर झोपवून. काळ्या हवेचे दोन कप्पे आणि मध्ये पांढरी रेघ. सर्जन म्हणाले, एवढी एक रेघ दिसली की पुढची चर्चा लागत नाही.

त्यांनी आम्हाला तीन वाक्यांत सांगितलं. वेळेत ऑपरेशन झालं तर दहांतले साधारण आठ वाचतात. लक्षणं सुरू होऊन सहा तासांपुढे गेलं की धोका बराच वाढतो. जठराचा भाग काळा पडला असेल तर आणखी. मग विचारलं, पहिलं लक्षण केव्हा? मी म्हटलं, सहा वीस.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि संमतीचा कागद पुढे केला. यांनी सही केली.

१२:२५

पहिला छेद. सहा वीसपासून सहा तास पाच मिनिटं.

१२:४०

मदतनीस बाहेर येऊन सांगून गेला. जठर २७० अंशांनी फिरलेलं होतं. पीळ सोडवला. प्लीहा काळी आणि दुप्पट फुगलेली, ती काढावी लागेल. जठराच्या मोठ्या बाजूचा तळहाताएवढा पट्टा जांभळा-काळा. तो गुलाबी होतो का, यासाठी दहा मिनिटं वाट बघतायत.

१२:५२

झाला नाही. तेवढा भाग कापून काढायला घेतला.

१:२०

हृदयाचे ठोके चुकू लागले. पीळ सुटला की इतका वेळ अडकून पडलेलं दूषित रक्त एकदम अंगभर सुटतं आणि हृदयावर आघात होतो. म्हणून काही कुत्रे ऑपरेशन नीट होऊनही जातात. त्यांनी औषध दिलं. ठोके सुधारले.

१:३५

जठर शिवून झालं. ते पोटाच्या भिंतीला टाक्यांनी बांधायचं राहिलं होतं. पुन्हा पीळ पडू नये म्हणून हे करतात. धोक्याच्या जातींत निरोगी कुत्र्यालाही हेच ऑपरेशन आधीच करून घेता येतं, नसबंदीच्या वेळी त्याच भुलेत. असं काही असतं, हे आम्ही त्या बाकावर बसून पहिल्यांदा ऐकलं.

१:४४

हृदय थांबलं. आठ मिनिटं त्यांनी छाती दाबली.

१:५२

सर्जन बाहेर आले. मास्क खाली केलेला होता.

सोमवार, ९ डिसेंबर, पहाटे ४:५०

घरी आलो. मांडवाची कनात अजून उभी होती. पेरूखाली स्टूल, स्टुलावर घमेलं, तळाशी चिकटलेली भाताची चार शितं. सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी घमेलं उचललं, घासलं आणि पालथं घातलं. ओव्याची वाटीही धुतली. त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही.

सकाळी ८:१५

मी दोन तास फोनवर वाचत बसले होते. अमेरिकेत इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या जातींच्या दीड हजारांहून जास्त कुत्र्यांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. २००० साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. या आजाराचा धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी त्यांना ठळक दिसल्या: वाढतं वय, आई-बाप किंवा सख्ख्या भावंडांत हाच आजार, भराभर खाणं आणि उंचावर ठेवलेलं भांडं.

चारही आमच्या घरात होत्या. एक स्टूल तर आम्ही स्वतःच्या पैशांनी सुताराकडून करून घेतलं होतं. एकाच वेळी ढीगभर वाढण्याबद्दलही त्याच विद्यापीठाचा नंतरचा अभ्यास आहे. तो वाचून मी फोन खाली ठेवला.

८:४०

लोणीच्या काकांना फोन. खंडूच्या वेतातली बाकीची पिल्लं कुठे गेली, विचारलं. दोघांचा पत्ता त्यांना आठवत नव्हता. एक सख्खा भाऊ राहुरीला होता, त्या घरचा नंबर मिळाला.

९:०५

राहुरीला फोन. एका बाईंनी उचलला. मी माझं नाव सांगितलं, खंडूचं सांगितलं. त्यांच्या कुत्र्याचं वय विचारलं, तेच. मागे कुठेतरी तो भुंकत होता, आवाज अगदी खंडूसारखा होता. मी त्यांना कागद-पेन घ्यायला सांगितलं आणि त्या लिहितायत याची खात्री करत एकेक सांगितलं.

"जेवण दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या. भांडं जमिनीवर ठेवा. गिळत असेल तर भांड्यात मोठा गुळगुळीत दगड ठेवा, म्हणजे सावकाश खाईल. जेवल्यावर पळवू नका. जठर बांधायचं ऑपरेशन कुठे होतं, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. रात्री ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच मिळवा आणि फ्रिजवर लावा. आणि पोट फुगलं, उमाळे येऊन पडत काही नसेल, तर ओवा देऊ नका, फिरवू नका, सकाळची वाट बघू नका. गाडी दारात नसेल तर शेजाऱ्यांची मागा."